जिजींच्या हातचं भरीत

मैत्रिणींनो, आज लोणखेड्याच्या शेतात माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, जिजींनी, भरीत केलं. घशाच्या कर्करोगानंतर त्यांना नळीनेच अन्न देतात. तरी कपाशीच्या काड्यांवर वांगी त्यांनीच भाजली, मीठही अंदाजाने त्यांनीच टाकलं.

ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या गरम भाकरीबरोबर पहिला घास घेतला. असं भरीत कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं.

"कसं व्हयनं वं?" त्यांनी विचारलं.

स्वतःला चाखता येत नाही म्हणून त्यांचा जीव तुटू नये, यासाठी मी म्हटलं, "काही खास नाही, जिजी," आणि ताट बाजूला सारलं.

"मंग जीभसंगे मन्हा हातबी गयात," त्या म्हणाल्या आणि सगळं भरीत त्यांनी कुत्र्यापुढे टाकलं.

आता खरं सांगितलं, तर मी समजूत काढतेय असंच त्यांना वाटेल. तुम्ही काय केलं असतं?