आंदणात आलेली यमुनामाय

सौंसरच्या शाळेत मी तास घेत होतो, तेव्हा पांढुर्ण्याच्या घरून माणूस आला. यमुनामाय गेली. महिना होत आला, पण घरात शिरलो की अजून पहिली हाक तिलाच जाते...

आईचं लग्न झालं तेव्हा मोहगावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, मालगुजारांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, लेकीला आंदण म्हणून भांडी दिली, गाय दिली आणि घरच्या बांधील गड्याची लहानगी पोर दिली. तीच यमुना. मालगुजारांकडे रीतच होती ही, कोणाला त्यात वावगं वाटत नसे. दिवाळीला मामा दमणीला बैल जुंपून आईला न्यायला येत आणि यमुनामाय मागे राहून घर सांभाळी. आंदणाला कुठलं आलंय माहेर.

कायद्याने मालगुजारी गेली तेव्हा वडील तिला म्हणाले, "आता तू मोकळी हायेस यमुना, कुठंबी जाय." दुसऱ्याच दिवशी ती मोहगावला गेली आणि संध्याकाळी परत आली. आईबाप कधीच वारले होते, भाऊ कुठल्याशा संत्र्याच्या बागेत कामाला निघून गेला होता. चुलीपाशी बसत मला एवढंच बोलली, "कोणीच ओयखलं नाही, बापू."

पुढे राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या आणि राजधानी बदलून आम्ही नागपूरचे होतो ते भोपाळचे झालो. बैठकीत मंडळी तावातावाने बोलत होती, "आमाले कोण विचारून राहिलं?" चहा ठेवता ठेवता यमुनामाय म्हणाली, "मले तं पयलेच कोनं इचारलं नोतं." मंडळी हसली. माझं मात्र डोकं फिरलं; कोणावर, ते आजही नीट सांगता येत नाही.

आमच्याकडे बाई गेली की अंगावरचं शेवटचं लुगडं माहेराहून येतं. हिचं लग्नच कोणी लावून दिलं नव्हतं, तरी आजारात हिने तेवढंच मागितलं. "माह्या भावाले धुंडा, बापू. मालकाच्या घरचं लुगडं माह्या आंगावर नोका घालू." मी तिगावपासून सौंसरपर्यंतच्या बागा पालथ्या घातल्या. भाऊ सापडला नाही.

मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती आणि मामा जरीकाठी लुगडं घेऊन अंगणात उभे होते. "आपल्याच घरची पोर ते," मामा म्हणाले. आईने लुगडं हातात घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "उचला." यमुनामाय तिच्या रोजच्या विटक्या लुगड्यातच गेली.

ते जरीकाठी लुगडं माजघरातल्या दांडीवर तसंच आहे. आई ते नेसत नाही, कोणाला देतही नाही. काल त्याच्याखाली उभी राहून मला म्हणाली, "तिच्या मायचं नाव काय होतं रे? लहानपणापासून संग होती माह्या... मी कधी इचारलंच नाही."