डोळे मिटून शोधलेला डबा

माझी स्मरणशक्ती फार चांगली होती. तिच्यामुळेच थोरल्या लेकीचा साखरपुडा मोडता मोडता राहिला.

मी कुठलीही वस्तू ठेवताना डोळे मिटून मनात तिचा फोटो काढायचे. फळी कुठली, डबा कितवा, झाकणाला पोचा कुठं, सगळं! मग हळकुंडापासून लाइटबिलापर्यंत काहीही मागा, डोळे मिटून सांगायचे. धाकटी जाऊ सुशीला चष्मा शोधायला लागली की मी नुसती हसायचे. (पंचेचाळिशीत होते. त्या वयात अक्कल असते तेवढीच, पण आवाज दुप्पट असतो!)

पुनावळ्याची जमीन बिल्डरला दिली, तेव्हा आम्हा दोघी जावांना एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट मिळाले. एक घर दुसऱ्याचं आरशातलं रूप. माझ्या दारातून आत आलं की उजवीकडं स्वयंपाकघर, डावीकडं मोरी. सुशीलाकडं बरोबर उलटं. सासूबाईंनी घरातले बारा डबेसुद्धा सहा-सहा वाटून दिलेले. दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी, आणि आम्ही दोघी इकडून तिकडं माश्यांसारख्या.

साखरपुड्याला दिघीहून व्याही मंडळी आली. भटजी म्हणाले, "मुलाची अंगठी आणा." सासूबाईंची पाटली मोडून घडवलेली अंगठी! आदल्या दिवशी मांडववाल्यांची ये-जा होती, म्हणून मीच लपवली होती.

"खालची फळी, तिसरा डबा, झाकणाला पोचा, नाचणीच्या पिठात," मी रुबाबात सांगितलं.

तिसऱ्या डब्यात तांदूळ! चौथ्यात डाळ! पाचव्यात ज्वारीचं पीठ, त्यात मी कोपरापर्यंत! पाच मिनिटांत सहाही डबे ओट्यावर पालथे आणि मी भुतासारखी पांढरी. लेक दाराशी रडकुंडीला आली. "आई, आजीची पाटली होती गं ती!" बाहेर विहीणबाई शेजारणीच्या कानात (म्हणजे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं) म्हणाल्या, "अंगठी केलीच न्हाई का काय ह्यांनी?"

मी पिठाच्या हातांनी ओट्यावरचा ढीग पुन्हा चाचपायला लागले.

आमचे हे पुढं झाले. "तुझ्या त्या फोटूत दार दिसतंय का?"

"व्हय."

"मग दारापासनं चालत ये की!"

मी उंबऱ्यात उभी राहिले, डोळे मिटले. मागं हे, लेक, सुशीला, आणि शेवटी भटजीसुद्धा.

"आत आले... डावीकडं वळले..."

"अगं, डावीकडं मोरी हाय!" हे ओरडले.

"मधी बोलू नका! फोटू पुसतो!"

मोरीचं दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकललं. हात पुढं केला. एक... (बादली होती.) दोन... (तांब्या.) तीन... झाकण! मी ते अलगद उचललं आणि हात आत घातला.

आत पीठ नव्हतं. टक्कल होतं!

रस्त्याच्या कामाच्या चिखलात भरलेले पाय व्याही वाकून धूत होते. त्यांची टोपी माझ्या डाव्या हातात, आणि उजवा हात त्यांच्या डोक्यावर अंगठी चाचपतोय!

"विहीणबाई," ते फार शांतपणे म्हणाले, "काय पायजे तुमास्नी?"

"अंगठी," मी डोळे न उघडताच म्हणाले.

"हितं न्हाई."

मग सुशीला मटकन खाली बसली आणि हसत सुटली. "अक्का! डाव्या हाताला सैपाकघर माझं हाय! काल तुमी नाचणी न्यायला आला व्हता, तवा माझ्याच डब्यात ठिवली असंल की!"

पळत जाऊन तिनं डबा आणला. झाकणाला पोचा. नाचणीच्या पिठात अंगठी. फोटो अगदी बरोबर होता. त्यात दारावरची पाटी तेवढी आली नव्हती!

साखरपुडा झाला, लग्नही झालं. व्याही अजून मला बघितलं की आधी टोपी सावरतात, मग नमस्कार करतात.

परवा त्याच लेकीची लेक म्हणाली, "आजी, डोळ्यांपुढं चित्र आणून पाठ केलं की पक्कं लक्षात राहतं म्हणे. खरं का?"

"अगदी खरं," मी म्हटलं. "फक्त चित्र जपून निवड."

कारण आजही गॅसचं पुस्तक कुठं ठेवलं हे आठवायला मी डोळे मिटले, की पुस्तक राहतं बाजूला. पिठाची पाच बोटं उमटलेलं ते टक्कल तेवढं लख्ख दिसतं!