भाऊंचं झपाझप चालणं

आमच्या जळगावच्या कॉलनीतले एक भाऊ वजन उतरवायच्या मागे लागले होते. पहाटे कोमट पाणी, एकेक घास बत्तीस वेळा चावणं, मैदानाला झपाझप फेऱ्या. भरीत पार्टीत मात्र ‘वांगं म्हंजे भाजीच शे ना!’ म्हणत चौथी पुरी घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण एकट्याने बाहेर पडायची मला भीती वाटे. एका सकाळी भाऊ दारात उभे.

‘चला आबा. माझा गुडघा दुखतोय, मलाही हळूहळूच चालायचंय.’

महिनाभर ते माझ्या पावलाने चालले. वाटेत मला घास चावायला शिकवत राहिले. एकदा मला फाटकाशी सोडून ते निघाले आणि मी सहज वळून पाहिलं. भाऊ मैदानाकडे चक्क पळत होते.