मास्तरांचा अर्धा रस्ता

देवाने सृष्टी निर्माण केली ती चौकटीच्या कागदावर, आणि तीही निम्मीच, यावर आमच्या गल्लीतल्या डिझाइन मास्तरांचा ठाम विश्वास आहे. सोलापूरच्या एका चादर कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य मोर, हत्ती आणि गुलाब काढण्यात घालवलं. डिझाइन म्हणे अर्धंच काढायचं असतं. कोपऱ्यात ‘उलटा रिपीट’ एवढं लिहिलं की उरलेली अर्धी चादर मागावर आपोआप उलटी विणून येते. निवृत्त झाल्यावर माग सुटला, खोड सुटली नाही. ताटात डावीकडे शेंगाचटणी वाढली की त्यांना उजवीकडेही तेवढीच लागते. माझ्या लग्नात तर त्यांनी फोटोग्राफरला बाजूला सारून माझ्या वजनदार मामांना डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे असं तीनदा हलवलं. शेवटी मुलीकडच्यांना विचारलं, “ह्यांच्या जोडीचा माणूस न्हाई का तुमच्यात एखादा?” मामांनी त्या दिवशी आइस्क्रीमला हात लावला नाही.

अशा माणसाच्या हाती आमच्या गल्लीने रस्ता दिला. गल्लीमागे ओढ्याच्या काठाने कडुलिंबांचा लांबलचक हिरवा पट्टा आहे. तिथून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी मिळून एक वाट करायची ठरली, आणि ठरल्याच्या पाचव्या मिनिटाला दोन तट पडले. चालणारे म्हणाले, सायकलवाले आमची हाडं मोडतील. सायकलवाले म्हणाले, हे चौघं चौघं आडवे चालत सुनांच्या कागाळ्या करतात, घंटी ऐकणार कोण? मास्तर उठले, “भांडू नका. मी काढतो की,” म्हणाले आणि थेट घरी गेले. त्यांना घाई होती आणि ती कशाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, गुडघे गेलेत. दुचाक्यांच्या धास्तीने त्यांनी फाटकाबाहेर पडणंच सोडलं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की चालणं थांबलं तर ते कायमचं थांबेल.

चार दिवसांनी कागद आला. चालणाऱ्यांना लाल चौकटी, सायकलींना निळ्या, मध्ये झेंडूची किनार आणि समान अंतरावर बाकं. तो रस्ता पाहून पांघरूण घेऊन झोपावंसं वाटत होतं. जवळच्या कुंभारी गावाकडून शेरडं चारायला येणारे एक आजोबा बराच वेळ कागद न्याहाळत होते. “आन् आमच्या शेरडांनी कुटनं जायाचं?” त्यांनी विचारलं. मास्तरांनी खिशातून पिवळी पेन्सिल काढून शेरडांनाही चौकटी बहाल केल्या. “हितनं. पण एका रांगेत.” आजोबा म्हणाले, “मंग त्यास्नी तुमीच सांगा की.”

महापालिकेच्या ऑफिसातल्या इंजिनिअर बाईंनी लोकांना अंदाज यावा म्हणून एका माणसाला तो कागद देऊन जमिनीवर चुन्याची फक्की मारायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे चहाचे थर्मास घेऊन पाहायला गेलो. पांढरी रेघ झोकात निघाली, वळली, आणि पट्ट्याच्या मध्यावर एका जाडजूड कडुलिंबाला जाऊन धडकली. तिथून तीच रेघ आम्ही आलो त्या दिशेने परत फिरली होती. “कागद हितंच संपला,” फक्कीवाला म्हणाला, “आन् कोपऱ्यात उलटा रिपीट लिव्हलंय. म्हणून उलटा आलो.” मास्तर हबकले. पुढचं आपोआप येतं, हे साऱ्या सोलापूरला कळतं अशी त्यांची समजूत होती. बाई हसू दाबत म्हणाल्या, “मास्तर, जमीन मागावर नाही हो चढत. पलीकडच्या अर्ध्यात पाण्याची टाकी आहे.” मास्तरांनी क्षणभर विचार केला. “मग हिकडं पण एक टाकी बांधा की.”

टाकी काही मिळाली नाही. जन्मात पहिल्यांदा मास्तरांना दुसरा अर्धा भाग हाताने काढावा लागणार होता. माप घ्यायला त्यांनी अक्कांनाच बाहेर काढलं. मास्तर सायकल हातात धरून ढकलत होते, अक्का कॅरिअर धरून मागून चालत होत्या, आणि टेपचं टोक धरायला मी. अक्का थांबल्या की मास्तर तिथे फुली मारत. “अवो, पावलं मोजू नका,” अक्का म्हणाल्या. “मोजलं की जास्त दुखतंय.” मास्तर त्यानंतर मनातल्या मनात मोजत राहिले, ओठ मात्र हलत होते.

नव्या कागदावर पहिल्या अर्ध्यातली बाकं शिस्तीत लांब लांब होती आणि दुसऱ्या अर्ध्यातली एकमेकांच्या जवळ सरकत गेली होती. इंजिनिअर बाई म्हणाल्या, “मास्तर, तुम्हीच असं काढलंत? दोन्हीकडे सारखं अंतर ठेवू या ना.” मास्तरांनी मान हलवली. “तितवर येईस्तवर ती दमते,” ते म्हणाले. बाईंनी कागद तसाच फायलीत लावला.

कागद आता मंजुरीला गेला आहे आणि एक प्रत मास्तरांकडे आहे. कच्च्या वाटेने दोघं रोज संध्याकाळी जमेल तेवढं जाऊन येतात. परवा त्यांच्याकडे गेलो तर ते त्या प्रतीवर वाकून दोन बाकांच्या मध्ये तिसरं काढत होते. आतल्या खोलीत अक्का दमून आडव्या झाल्या होत्या. बाईंना हे बाक कळवू का, असं मी हळूच विचारलं.

“कळवा की,” मास्तर म्हणाले. “आन् जरा लवकर करा म्हणावं.”

मी हो म्हणालो, पण मला त्यांच्याकडे बघवेना. तो रस्ता उद्याच्या उद्या व्हावा, असं फार वाटलं.