तराजूची वायर

त्याला सगळे तराजू म्हणत, बायकोसुद्धा, अर्थात पाठीमागे. दोन वस्तू शेजारी दिसल्या की एकीला खाली बसवल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. दोन न्हावी, दोन टपऱ्यांवरचे चहा, दोन शेजारी, काहीही चालायचं. लग्नाच्या दिवशीच त्याने बायकोची तिच्या थोरल्या बहिणीशी तुलना केली आणि केस पिकेपर्यंत ती नेमाने चालू ठेवली. ताईचा आवाज गोड, हिचा घोगरा. ताईचं घर कसं आरशासारखं, आणि आमच्याकडे आरसासुद्धा पुसलेला नसतो. बायको निमूट ऐकून घ्यायची. ऐकून घेणारी माणसं गरीब असतात असं आपण उगाच धरून चालतो.

तर हा तराजू कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता आणि ग्राफिक कार्ड हा त्याचा प्रांत. पडद्यावरची चित्रं पळवायचं काम हे कार्ड करतं. गेम खेळणाऱ्यांना ते लागतं, लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्यांना लागतं, घरांचे नकाशे काढणाऱ्यांना लागतं. कुठल्या कार्डाला मेमरी किती, वीज किती खातं, तापल्यावर किती आरडाओरडा करतं, हे त्याला घरच्या माणसांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होतं. (वाढदिवस त्याला एकही पाठ नव्हता, ते सोडा.)

दुकानाच्या मालकीणबाईंनी एक चाल पाडली होती. दर शनिवारी संध्याकाळी मधल्या टेबलावर एक कॉम्प्युटर उघडाच मांडायचा, त्यात आळीपाळीने दोन कार्डं बसवायची, दोन्हींवर तीच मोटारींची शर्यत लावायची, आणि कुठलं सरस ते तराजूने सांगायचं. गिऱ्हाइकं गोळा व्हायची. कार्डांचं माप काढता काढता तराजू माणसांचंही काढायचा. फोटोवाला दुसरीकडून घेतलेलं कार्ड कौतुकाने दाखवायला आला, तर तराजू म्हणाला, तीन पंखे आहेत, उन्हाळ्यात उशाशी ठेव. मागच्या खोलीत एक रिपेरिंगवाली बसायची. आधीचा रिपेरिंगवाला वारला म्हणून ती आली होती. तिच्याबद्दल तराजू चारचौघांत सांगायचा की तो मेला असला तरी त्याचा हात अजून हिच्यापेक्षा स्थिर असेल. लोक हसायचे. तीही हसायची, खाली मान घालून.

अशात मालकीणबाईंनी नव्या बाजारात दुसरं दुकान घ्यायचं ठरवलं. तिथे काचेची केबिन होती, केबिनीत फिरती खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर एक तर तराजू बसणार होता, नाहीतर बाईंचा जावई. तराजूचा जीव त्या खुर्चीत अडकला. घरी जेवताना लाकडी खुर्चीवर बसल्या बसल्या तो कमरेतून डावीकडे-उजवीकडे वळून बघायचा, असं बायकोने पुढे ताईला सांगितलं. बाई म्हणाल्या, येत्या शनिवारी बघू, मग ठरवू.

आता मेख इथे आहे. तराजूला जवळचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी चष्मा दिला होता, तो घरी कपाटाच्या खणात पडून होता. का? तर साडूला चष्मा होता, आणि तराजू त्या साडूला जन्मभर चारडोळ्या म्हणत आला होता. आता स्वतः कुठल्या तोंडाने लावणार?

शनिवार आला. नवं महागडं कार्ड आणि गेल्या वर्षीचं कार्ड, असा सामना होता. तराजूने रुबाबात बाह्या सरसावल्या आणि टेबलामागे हात घालून मॉनिटरची वायर चाचपत स्वतःच लावली. ही वायर लावायला दोन जागा असतात, एक कार्डावर आणि दुसरी मुख्य बोर्डावर. कार्डावर लावली तर कार्ड राबतं. बोर्डावर लावली तर कार्ड रुसलेल्या पाहुण्यासारखं नुसतं बसून राहतं, आणि कॉम्प्युटर आपल्या अंगच्या तुटपुंज्या ताकदीवर कसंबसं चित्र ओढतो. मागे एक गिऱ्हाईक हीच चूक करून कार्ड खराब निघालं म्हणून भांडायला आलं होतं. तराजूने त्याला काउंटरवर उभं करून विचारलं होतं, घोडा विकत घेऊन टांगा स्वतःच ओढताय का. तो बिचारा परत कधी दुकानात फिरकला नाही.

तराजूने वायर बोर्डावर लावली होती. पहिल्यांदा रिपेरिंगवालीने पाहिलं. तिने फोटोवाल्याकडे पाहिलं, फोटोवाल्याने वायरीकडे आणि मग जावयाकडे. एवढ्या गर्दीत बातमी नुसत्या डोळ्यांनी फिरली.

शर्यत सुरू झाली. जुन्या कार्डावर मोटार वळणावर अडखळली. नवं बसवलं, तर तीच मोटार त्याच वळणावर तितकीच अडखळली. पडद्याच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडाही तोच. तराजूला तो आकडा दिसायला हवा ना. वेग किती आला, असं जावयाने मुद्दाम विचारलं, तेव्हा तराजू म्हणाला, "आकडे आंधळ्यांना लागतात. मला डोळे आहेत."

मग त्याने नव्या कार्डाचे जे गोडवे गायले, ते ऐकून कार्डालाही लाज वाटली असेल. धावतं कसं, तर लोण्यासारखं. आधीचं म्हणजे खडीवरून चाललेली हातगाडी. फोटोवाला अगदी साळसूद चेहरा करून पुढे झाला.

"काका, सावल्यांमध्ये काही फरक पडलाय का हो?"

"सावल्या? अरे, या सावलीत पथारी पसरून झोपावंसं वाटतंय."

लोक असे हसले की एकाच्या हातातला चहा सांडला. आपल्या विनोदाला दाद मिळाली असं वाटून तराजूने तो पुन्हा एकदा सांगितला.

मालकीणबाईंच्या नजरेतूनही वायर सुटली नव्हती. केबिन जावयाला मिळाली. पण बाई धंद्याच्या पक्क्या. त्यांनी तराजूला बोलावून सांगितलं, तुम्ही तिकडे गेलात तर शनिवारची गर्दी इथे कुणाला बघायला येईल? यात एक अक्षर खोटं नव्हतं. तराजू खुर्ची विसरला नाही, पण छाती फुगवून घरी गेला.

पुढच्या शनिवारपासून रिपेरिंगवाली टेबलापाशी आधीच हजर. काका, तुम्ही कशाला वाकता, वायर मी लावते. उशिरा का होईना, पोरीला मान द्यायची अक्कल आली, असं तराजू सगळ्यांना सांगू लागला. ती दर शनिवारी वायर बोर्डावरच लावायची, आणि तिचा हात जराही हलायचा नाही. लोक मित्रांना घेऊन येऊ लागले. बाईंनी खुर्च्या मांडल्या. फोटोवाला तर प्रश्न घरून ठरवून यायचा.

एवढी कीर्ती झाल्यावर ती सासरच्यांना दाखवायला नको? तराजूने बायकोला आणलं, ताईला आणलं, चारडोळ्या साडूलाही आणलं. साडूने चष्मा वर सरकवून टेबलामागे एकदा नीट पाहिलं आणि ताईच्या कानाला लागला. ताई बायकोच्या कानाला लागली. त्या दोघी बहिणी लहानपणानंतर कधी एकत्र हसल्या नव्हत्या, तराजूच्या तुलनांनी तेवढी जागाच ठेवली नव्हती मधे. त्या दिवशी एकाच पदरात तोंड लपवून हसल्या.

घरी आल्यावर तराजूने कपाटाचा खण उघडला, चष्मा बाहेर काढला आणि हातात फिरवत बसला. हल्ली पडद्यावरची अक्षरं जरा पुसट दिसतात, म्हणाला. लावून बघावा का एकदा दुकानात?

बायकोने त्याच्या हातातून चष्मा घेतला, पदराने पुसला, घडी घालून खणात ठेवला आणि खण लोटला.

"छे हो. तुमची नजर कुठे आणि ताईच्या नवऱ्याची कुठे. काही तुलना तरी आहे का?"

जन्मात पहिल्यांदा बायकोने त्याला वरच्या पारड्यात बसवलं होतं. तो इतका सुखावला की त्या रात्री भाजीला नावं न ठेवता जेवला. आणि पुढच्या शनिवारी बायको पहिल्या रांगेतली खुर्ची मिळावी म्हणून त्याच्याही आधी घरातून निघाली.