बोथट आवाजाबद्दल खुलासा

मी पंचेचाळिशीला पोचलो तेव्हा बंगळुरात माझ्याइतका गाण्यातला जाणकार मराठी माणूस नाही, असं आमच्या मंडळात मानत. मंडळाचे सभासद एकशेवीस. त्यातले शंभर तरी गाण्याला बटाटेवड्यासाठी येत. त्यामुळे या मोठेपणाचं ओझं फारसं जाणवत नसे. मंडळ तीन महिन्यांनी सोळा पानांचा एक अंक काढी आणि त्यात गाण्याच्या बैठकींची परीक्षणं मी लिही. पुण्याची वर्तमानपत्रं तेव्हा आमच्याकडे शिळी होऊन यायची, म्हणून ताजं मराठी वाचायला मिळालं की लोक ते अक्षरन् अक्षर वाचत, अगदी जाहिरातीसुद्धा.

हे जाणकारपण मला सांगलीत मिळालं. शेजाऱ्यांच्या रेडिओवरून गाणं फुकट ऐकू यायचं, आणि वर्तमानपत्रातून एक समीक्षक भेटायचे. त्यांना मी कधी पाहिलं नाही. पण त्यांची कात्रणं कापून मी ड्रॉइंगच्या वहीत चिकटवत असे. ते एका वाक्यात गवई आडवा करत. कॉलेजातली बाकीची पोरं सिनेमाचे संवाद पाठ करायची, आम्ही दोघंतिघं त्यांची वाक्यं पाठ करायचो. कोणाच्या कुठल्या रागाबद्दल ते वाक्य होतं, हे पुढे विसरलो. वाक्य मात्र राहिलं. यात काही बिघडतंय असं तेव्हा वाटलं नाही.

नोकरी मी इथल्या एका सरकारी कारखान्यात केली, इंजिनं तपासायच्या खोलीत, बावीस वर्षं. कानात घालायला बोळे दिलेले होते. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवले. इंजिनाची खोट कानाने ओळखतो अशी माझी ख्याती होती आणि बोळे घालून ख्याती राखता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या मंडळात एक बाई गायल्या. त्या बेळगावकडच्या, बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजूच्या पोस्टात काउंटरवर बसत. सगळे त्यांना अक्का म्हणत, वयाने माझ्याएवढ्याच असूनही. लग्नाआधी दहा वर्षं शिकलेल्या. मग संसार, मग अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, अशी अठरा वर्षं गाणं बंद. सासूबाई गेल्यावर त्यांनी पुन्हा तानपुरा काढला, वर्षभर पहाटे उठून मेहनत केली आणि एका रविवारी सकाळी पंचाहत्तर माणसांसमोर बसल्या.

मी नेहमीच्या जागी होतो, पहिल्या रांगेत. गाणं मला सपाट वाटलं. घरी येऊन लिहिलं: ‘तानपुऱ्यांना जवारी नव्हती, तारांचा झंकारच उठत नव्हता. बंदिशीचे शब्द तोंडातल्या तोंडात राहिले. आवाजाची धार वयाने बोथट केली आहे. अठरा वर्षं फडताळात ठेवलेली सुरी चकचकीत दिसते, पण कापायला घेतली की कळतं.’

सुरीवर मी खूश होतो. अध्यक्षांचा फोन आला, “साहेब, सुरी म्हणजे कमाल हो!” भाजीवाल्यासमोर, बसस्टॉपवर लोक मला माझीच सुरी ऐकवू लागले. बायकोने अंक वाचून खाली ठेवला.

“काय?” मी विचारलं.

“सुरीचं वाक्य आधी सुचलं असेल,” ती म्हणाली. “बाकीचं त्याच्यासाठी लिहिलंत.”

दिवाळीच्या कार्यक्रमाला अक्कांना पुन्हा गायचं होतं. त्यांचं मंडळाला कार्ड आलं, सध्या जमणार नाही. कारण दिलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही. त्यांच्या जागी सिनेमाची गाणी म्हणणारा एक वाद्यवृंद आणला आणि वडे नेहमीपेक्षा जास्त लागले.

त्याच सुमारास माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर बिघडला. आकड्यांचं घड्याळ होतं, तासातासाला टीक करणारं. बरेच दिवस ते टीक करेना. मी शिवाजीनगरला एका टपरीवजा दुकानात नेलं. दुकानदार तिशीचा. त्याने बटण दाबलं आणि घड्याळ परत केलं.

“बजरा ना, साब.”

“कुठे बज रहा है? नीट देखो.”

“ये लो. बजरा.”

मी म्हटलं, तू मला फसवतोयस. त्याने घड्याळ माझ्या कानाला लावलं. काही नाही. मग त्याने शेजारी पट्टा बदलायला थांबलेल्या एका बाईंना कन्नडमध्ये विचारलं, तुम्हाला ऐकू येतंय का. बाईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे न बघण्याची काळजी घेतली. दुकानदाराने घड्याळ माझ्या हातात ठेवलं, जरा हळुवारपणेच.

“घड़ी अच्छी है, चाचा.”

पाच मिनिटांत मी साहेबाचा चाचा झालो.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं. कानावर यंत्र, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. मी दाबत गेलो. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “आवाज नसतानाही तुम्ही दाबत होता. अंदाजाने.” मग त्यांनी आलेख दाखवला. डावीकडे सरळ रेघ, आणि मध्याच्या पुढे पठार संपून घाट लागावा तशी ती खाली गेलेली.

“लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात असं वाटतं?”

“वाटतं काय, बोलतातच.”

त्या हसल्या. “सगळे पेशंट हेच सांगतात.” मग समजावलं. खालचे आवाज ठीक आहेत. वरचे गेलेत. माणूस बोलतोय, गातोय हे कळेल, पण स, श, फ, त अशी अक्षरं निसटतील. बारीक झंकार, घुंगराची किणकिण, असलं काही राहणार नाही. आठदहा वर्षांपासून हळूहळू होत आलं असेल. कारखान्यात कानाला काही लावत होता का, असं त्यांनी विचारलं. मी ड्रॉवरची हकीकत सांगितली नाही.

घरी येऊन अंक काढला. जवारी नाही. शब्द तोंडात. धार बोथट. डॉक्टरीणबाईंनी जे जे गेलं म्हणून सांगितलं, ते ते मी अक्कांच्या गळ्यातून गेलेलं लिहिलं होतं. वय झालं होतं हे खरं. कोणाचं, एवढंच चुकलं होतं.

बायको पोळ्या लाटत होती. मी सांगितलं. तिने लाटणं थांबवलं नाही.

“त्यांना सांगणार?”

“सांगेन.”

“कधी?”

हा प्रश्न अवघड होता, कारण मंडळाला पंचवीस वर्षं होत होती आणि त्या समारंभात माझा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र. शालीखाली माणूस दिसेनासा होतो, असं मी स्वतःच एकदा मंडळाच्या अंकात लिहिलं होतं. तरी सत्काराला नाही म्हटलं नव्हतं. तीन आठवडे मी काही केलं नाही. संध्याकाळी जुन्या कॅसेटी लावून बसत असे. ज्या गाण्यांवर मी वाढलो ती सगळी मला पूर्वीसारखीच ऐकू येत होती, अगदी तानपुऱ्याच्या तारेसकट. मग एकदा मध्येच कॅसेट संपली आणि माझ्या डोक्यात गाणं तसंच चालू राहिलं. मी ऐकत नव्हतो, मला ते पाठ होतं. अक्कांचं गाणं पाठ नव्हतं, ते ऐकावं लागणार होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी त्यांच्या क्वार्टरवर गेलो.

“या की. बसा. कॉफी घेणार न्हवं?”

मी प्रस्तावना सुरू केली. मध्यमवय, इंद्रियं, समीक्षकाची जबाबदारी वगैरे.

“सरळ सांगा की हो, अण्णा.”

सरळ सांगितलं. कॉफीचा पेला हातात घेऊन त्या ऐकत राहिल्या.

“म्हणजे तुम्हाला ऐकूच आलं नाही.”

“पूर्ण नाही आलं.”

“आणि ती सुरी?”

“त्याचा ऐकण्याशी संबंध नव्हता.”

“हूं.” त्यांनी पेला खाली ठेवला. “वाचल्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. मला खरंच वाटलं ते. त्या दिवशीची टेप होती घरात. पहिल्यांदा ऐकली तेव्हा बरी वाटली होती. तुमचं वाचून परत लावली, तर तुम्ही लिहिलंय तसंच ऐकू यायला लागलं. शब्द कळेनात मला माझेच. मग बंद केलं.”

“पुन्हा लावा ना. मी सांगतो, माझंच चुकलंय.”

“तेव्हा तुमच्या कानानं ऐकली. आता परत तुमच्याच शब्दावर ऐकू? माझे कान मला परत कोण देणार?”

आयुष्यात मी ज्या ज्या वाक्यांना दाद दिली, त्यांनी कोणाच्या तरी घरी असंच काही केलं असणार, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं. सांगलीच्या वहीतल्या त्या आडव्या झालेल्या गवयांचं पुढे काय झालं, हे मी कधी शोधलं नव्हतं.

“काय करू मी?”

“स्वल्प थांबा,” म्हणून त्या आत गेल्या, गॅसवरचं दूध उतरवून आल्या. “लिहा. ते सगळ्यांनी वाचलंय, हेपण सगळ्यांनी वाचू दे.”

“आणि तुम्ही गाणार?”

“ते मी बघते. सत्कार तुमचा आहे, गाणं माझं.”

अध्यक्ष इंदिरानगरमध्येच, आमच्या पुढच्या गल्लीत राहत. मजकूर वाचून त्यांना घाम फुटला.

“साहेब, अहो, मानपत्र छापून झालंय. त्यात ‘तीक्ष्ण श्रवणशक्ती’ असा शब्द आहे.”

“काढा तो.”

“लॅमिनेट केलंय.” थोडा विचार करून ते म्हणाले, “आपण मुद्रणदोष म्हणू या का?”

“अख्खा परिच्छेद?”

“प्रेसवाल्याला मराठी येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. लोक मानतील.”

मी मानलं नाही. शेवटी ‘खुलासा’ अशा बारीक मथळ्याखाली तो मजकूर शेवटच्या पानावर आला, रांगोळी स्पर्धेच्या निकालाखाली. कानाने मला दगा दिला, मी अक्कांवर तो आळ घेतला, आणि सुरी मला आवडली म्हणून लिहिली, एवढंच त्यात होतं. सत्कार मी नाकारला. अध्यक्षांनी शाल मंडळाच्या वतीने स्वतःच स्वीकारली.

खुलाशाचा परिणाम मला वाटला होता तसा झाला नाही. तिघांनी लसणाचं तेल घालायला सांगितलं. एकाने नागपूरच्या वैद्याचा पत्ता दिला. आणि निम्म्या लोकांनी सांगितलं की इतकं सुंदर मी आजवर लिहिलं नव्हतं, ‘कानाने दगा दिला’ हे तर अगदी काळजाला भिडलं. अक्कांचा विषय कोणी काढला नाही. पुन्हा वाक्यच गाजलं.

पुढच्या गणपतीत अक्का गायला बसल्या. मला आधी कळवलं नव्हतं, मंडळाच्या फळ्यावर वाचलं. मी मागे बसायला निघालो तर बायको म्हणाली, “तुमच्या जागी बसा. मागे बसलात तर लोकांना वाटेल पुन्हा आवडलं नाही.”

बसलो. दोन तानपुऱ्यांवर दोघींची बोटं फिरताना दिसत होती. त्यांतून मला एक मंद घों-घों तेवढी येत होती, बंद खिडकीबाहेरच्या रस्त्यासारखी. अक्कांचा आवाज येत होता, चढत होता, उतरत होता. शब्द नव्हते. त्याला धार होती की नव्हती, माहीत नाही. मागच्या वेळी होती की नव्हती, हेही मला आता कधीच कळणार नाही. मी चुकीच्या कारणाने बरोबर लिहिलं असण्याची शक्यता उरतेच, आणि ती कोणापाशी बोलून दाखवण्यासारखी नाही.

गाणाऱ्यांची एक सवय असते. तान घेऊन समेवर आले की समोरच्यांपैकी ज्याला कळतं त्याच्याकडे ते बघतात. शेजारी अध्यक्ष सम यायच्या आधीच ‘वा!’ म्हणून मोकळे होत होते. त्यांच्याकडे कोणी बघणं शक्य नव्हतं. द्रुत सुरू झालं, एक लांब तान आली, आणि अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. ते मुद्दाम नव्हतं. खुलासा वाचलेला असूनही पाहिलं, कारण लग्नाआधी त्यांना शिकवणाऱ्याने तशीच सवय लावली असणार.

मान हलवली तर ते खोटं. नाही हलवली तर दुसरं परीक्षण.

तबल्याचा डग्गा, खालच्या आवाजाचा म्हणून, मला अजून चांगला ऐकू येत होता. त्या बरोबर समेवर आल्या होत्या. तेवढ्याबद्दल मी मान हलवली. त्यांनी ती कशाकशाबद्दल घेतली कोणास ठाऊक. पुढची तान जास्त लांब होती.

परतताना रिक्षात मी बायकोला विचारलं, “कसं झालं गाणं?”

“मला काय गाण्यातलं कळतं?” ती म्हणाली. “तुम्ही मान डोलावत होतात ना, म्हणजे चांगलं झालं असणार.”