निळ्या डब्यातल्या लालपिवळ्या

आत्याच्या शिवणयंत्राशेजारी फळीवर बटणांचे डबे असतात. त्यातल्या निळ्या डब्यात मात्र गोळ्या होत्या. कुणाच्या दातदुखीतून उरलेल्या, कुणाच्या खोकल्यातून वाचलेल्या. अर्धी गल्ली उसवलेली शिवण घेऊन यायची आणि जाताना दोन कॅप्सूल घेऊन जायची.

"ताप आहे ना? ही लालपिवळी घे. बरं वाटलं की थांब, उगाच पोटात औषध कोंबू नये. उरतील त्या मला आणून दे."

सगळे तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. ती लटक्या रागाने सुईत दोरा ओवायची, पण आतून सुखावायची.

गोळ्या फार जुन्या झाल्या की आत्या त्या घरामागच्या ओढ्यात सोडायची. ज्याने कुणाचा जीव राखला ते कचऱ्यात कसं टाकायचं? हात जोडून "देवा, तुझं तुला" म्हणायची आणि मोकळ्या मनाने घरी यायची. भाव खरा होता, हे देवही जाणतो.

काका, म्हणजे तिचा नवरा, त्याच ओढ्यावर गळ टाकून बसायचा. मासा क्वचित, डुलकी रोज. एकदा गळ अडकला म्हणून अनवाणी पाण्यात उतरला आणि काचेने टाच कापून आला. आत्याने डबा उघडला. सूज उतरली तशा कॅप्सूल बंद झाल्या. मग सूज अशी परतली की पाय चपलेत मावेना. पुन्हा लालपिवळी दिली, पण पाय ढिम्म.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेतला पू तपासायला पाठवला. "लागू पडणारं औषध सापडायला हवं," ते म्हणाले, "नाहीतर पाय वाचवणं अवघड आहे."

घरी येऊन आत्याने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

संध्याकाळी आत्याची भाची आली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून न्यायची. तिने मोबाईलवर फोटो दाखवला.

"ही आपल्या ओढ्यातल्या जंतूंची बशी. पांढऱ्या चकत्या औषधाच्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवतीचे जंतू वाढत नाहीत, गोल मोकळी जागा राहते."

आत्याने चष्मा पुसून पाहिलं. "बटणं दिसतायत. काजं कुठायत?"

"तेच तर! जंतू चकतीला खेटून वाढलेत. औषधाने कच्चे मेले, चिवट राहिले, आणि आता चिवटांचंच गोत पसरलंय. पाण्यात औषध उतरत राहिलं की असंच होतं."

आत्याचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळे..."

"एकट्या तुझ्यामुळे नाही गं. दवाखान्यांचं, गोठ्यांचं, अख्ख्या वस्तीचं सांडपाणी येतं तिथे. पण तुझा निळा डबाही त्यात आहेच."

"तरीच!" काका खाटेवरून म्हणाला. "मासेसुद्धा औषध घेऊन ठणठणीत झालेत. माझ्या गळाला कशाला लागतील?"

"तुम्ही गप्प पडा," म्हणताना आत्याने डोळे टिपले. त्या दिवशी देवापुढे तिने काही मागितलं नाही. नुसती बसून राहिली.

काकाच्या जखमेच्या तपासणीत एका औषधाभोवती काज सापडलं. पुरा कोर्स संपवायचा, असं डॉक्टरांनी बजावलं. सूज ओसरली तसा काका म्हणाला, "आता पुरे. उरलेल्या ठेव डब्यात."

आत्या गळ्यात टेप आणि हातात पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहिली. "तोंड उघडा."

"अगं, तूच तर सांगायचीस, बरं वाटलं की..."

"सांगायचे. आता गिळा."

गिळल्यावर जीभसुद्धा दाखवायला लावली.

टाच भरली. निळ्या डब्यातल्या गोळ्या भाचीने दवाखान्यात जुनी औषधं जमा करतात तिथे दिल्या. परवा शेजारीण आली. "डॉक्टरीणबाई, अंगात ताप आहे. एखादी लालपिवळी?"

आत्याने डबा खुळखुळवला. "कोटाची बटणं आहेत, लावू का? चल, चप्पल घाल. दवाखान्यात मी येते सोबत."

दारात काका गळ घेऊन निघाला होता, अनवाणी.

"अहो, बूट!" आत्या अशी ओरडली की शेजारीण दचकली.

काका मुकाट्याने मागे फिरला.